कोकण हिरवेगार असताना जंगलाची काळजी कशासाठी?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका जमीनमालकाचा प्रश्न असा आहे: आमच्याकडे जिकडे पाहावे तिकडे हिरवे आहे, सरकारी अहवालही वनाच्छादन वाढल्याचे सांगतो, आम्ही दहा-बारा वर्षांनी रान तोडीला देतो आणि ते पुन्हा फुटून येते, ज्यांनी कायमचे तोडले त्यांनीही तेथे आंबा-काजूच लावला, मग जंगल आणि हवामान यांच्या नावाने एवढी ओरड कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान आपापल्या जागी खरे आहे. उत्तर सह्याद्रीतील खासगी रानांची पाहणी आणि मोजणी हे माझे अनेक वर्षांचे काम असल्याने मी उत्तर मुख्यतः कोकणापुरते ठेवतो. ॲमेझॉनचे दाखले सर्वांनी ऐकलेले असतात. आपल्या पऱ्यालगतच्या, म्हणजे डोंगरातील लहान ओढ्यालगतच्या, रानाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

आधी एका वाक्यात उत्तर देतो. हवामानाच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते एका जागी किती कार्बन किती काळ साठून राहतो आणि तेथील माती पावसाचे काय करते याला. झाडांची संख्या आणि हिरवा रंग यांवरून या दोहोंपैकी कशाचाही अंदाज येत नाही.

सरकारी अहवालापासून सुरुवात करू. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या प्रतिमांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. 2023 च्या अहवालात ते 7,15,343 चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या 21.76 टक्के भरले, आणि वनाबाहेरील वृक्षाच्छादन धरता हा आकडा 25.17 टक्क्यांवर गेला. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. मात्र या मोजणीत ‘वनाच्छादन’ म्हणजे किमान एक हेक्टरचा असा कोणताही तुकडा, ज्यावर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के किंवा त्याहून अधिक जमीन झाकलेली आहे. जमीन कोणाची, झाड कोणते, ते लावलेले की आपोआप वाढलेले, याची विचारणा या व्याख्येत नाही. त्यामुळे हापूसची बाग, काजूची कलमे, रबराचा मळा, तोडीनंतर आठ वर्षांनी माणसाच्या दुप्पट उंचीला आलेली झुडपे आणि पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेली देवराई हे सर्व एकाच बेरजेत येते. घनतेनुसार वर्ग वेगळे दाखवले जातात हे खरे, परंतु दाट काजूबाग आणि दाट रान यांतील फरक त्या वर्गवारीतही उमटत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात तर हा घोळ सर्वांत जास्त आहे. उपग्रहाला जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो. वनखात्याच्या ताब्यातील जमीन मात्र जिल्ह्यात शेकडा एक-दोनच्या घरात आहे. उरलेले सगळे मालकी रान किंवा बागायत. याचा अर्थ असा की कोकणातील जंगलाचे भवितव्य मुख्यत्वे सातबाऱ्यावर नावे असलेली कुटुंबे ठरवतात, आणि त्यांतील बरीच कुटुंबे मुंबईत राहतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि गावाने आपले जंगल स्वतः सांभाळले, हे उदाहरण मोलाचे आहे, परंतु जेथे जंगलच खासगी आहे तेथे ते जसेच्या तसे उचलता येत नाही.

आता कार्बनचा हिशेब. झाडाच्या वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो, आणि एक टन कार्बन जळला किंवा कुजला की 3.67 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माणसे दरवर्षी जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्यातील सुमारे तीस टक्के जमिनीवरील वनस्पती आणि माती शोषून घेतात, व त्यात मोठा वाटा जंगलांचा असतो. उलट बाजूने, जंगले तोडणे आणि जमिनीचा वापर बदलणे यांतून होणारे उत्सर्जन एकूण उत्सर्जनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके आहे. म्हणजे एकच जंगल उभे असताना शोषक असते आणि पडले की उत्सर्जक होते. ॲमेझॉनच्या आग्नेय भागात हा पालट प्रत्यक्ष मोजला गेला आहे. विमानातून हवेचे नमुने घेऊन 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो भाग शोषतो त्यापेक्षा अधिक कार्बन सोडत असल्याचे दिसले.

रानातील कार्बन मोजताना आम्ही जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीला, फीत गुंडाळून खोडाचा घेर घेतो. घेर दुप्पट झाला की लाकडाचे वजन दुप्पट होत नाही, ते पाच-सहा पट होते. देवराईतील एक मीटर व्यासाचा बेहडा, ज्याला दोन माणसांचे हात जेमतेम पुरतात, आणि तोडीच्या रानातील दहा सेंटिमीटर व्यासाचा किंजळीचा फुटवा यांची तुलना केली तर त्या एका बेहड्याएवढा कार्बन भरण्यासाठी सुमारे तीनशे फुटवे लागतात. हे ढोबळ गणित आहे, जातीनुसार लाकडाची घनता बदलते, तरी प्रमाणाचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहे. जगभरातील कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्रांच्या 2018 मधील एका विश्लेषणात जंगलातील एकूण जैवभाराचा, म्हणजे झाडांच्या एकूण वजनाचा, जवळजवळ निम्मा वाटा सर्वांत जाड अशा एक टक्का झाडांमध्ये आढळला होता. म्हणून ‘एक तोडले तर पाच लावू’ हे वाक्य ऐकले की मी पहिला प्रश्न विचारतो तो तोडलेल्या झाडाच्या घेराचा.

‘फुटून येते’ हा आपला मुख्य मुद्दा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो अर्धा बरोबर आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा या झाडांचे खुंट जोमाने फुटतात, पहिल्या पावसाळ्यातच फुटवे गुडघ्याच्या वर येतात, आणि आठ-दहा वर्षांत डोंगर पुन्हा झाकला जातो. मात्र तोडलेले लाकूड वीटभट्टीत, कारखान्याच्या बॉयलरमध्ये किंवा कोळशाच्या भट्टीत जाते आणि त्यातील कार्बन त्याच वर्षी हवेत मिसळतो. तो परत झाडात यायला जेवढा काळ रान उभे होते तेवढाच काळ लागतो. शंभर वर्षांचे रान पहिल्यांदा तोडले आणि पुढे दर बारा वर्षांनी तोडत राहिले, तर तेथील साठा शून्य आणि बारा वर्षांचे रान यांच्यामध्ये हेलकावे खातो. सरासरी धरली तर ती बारा वर्षांच्या रानाच्याही निम्म्याजवळ राहते. शंभर वर्षांच्या साठ्यातील उरलेला सारा भाग हवेत गेला तो गेलाच. तोडीचे चक्र चालू आहे तोवर तो परत येत नाही. व्याज दरवेळी मिळते असे वाटते, प्रत्यक्षात मुद्दल पहिल्याच तोडीत संपलेले असते.

तोडीमुळे रानाची जातही बदलते, आणि ही गोष्ट लांबून दिसत नाही. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातील एखाद्या देवराईत उभे राहावे आणि तेथून दोनशे पावलांवरील तोडीच्या रानात जावे. देवराईत आंबा, बेहडा, सातवीण, धूप अशी उंच झाडे असतात, त्यांच्याखाली अंजनी आणि इतर सदाहरित झाडांचा दुसरा थर, गारंबीच्या मनगटापेक्षा जाड वेली, आणि पायाखाली पानांचा एवढा थर की काठी सहज वितभर आत जाते. तोडीच्या रानात ऐन-किंजळीचे एकाच उंचीचे दांडके, मध्येमध्ये कुडा, आणि उन्हाची तिरीप जेथे पडते तेथे रानमोडी हे बाहेरून आलेले तण. ज्या झाडांचे खुंट फुटत नाहीत, ज्यांचे बी सावलीतच रुजते किंवा ज्यांना बी धरायलाच तीस-चाळीस वर्षे लागतात, ती झाडे दोन-तीन तोडींत नाहीशी होतात. त्यांचे बी पुन्हा आणून टाकणारा धनेश पक्षीही मग फिरकत नाही, कारण त्याला घरट्यासाठी जुन्या जाड झाडाची ढोली लागते आणि बेहड्या-सातविणीची तशी झाडे तोडीच्या रानात राहिलेली नसतात. प्रत्येक तोडीनंतर काही खुंट मरतात. स्वच्छ, तिरक्या कापाऐवजी कटरने घाईत सोललेला खुंट पावसाचे पाणी मुरून कुजतो. चौथ्या-पाचव्या तोडीला लाकडाचा उतारा कमी मिळू लागल्याचे मालक स्वतःच सांगतात, आणि मग ‘या रानात आता काही दम नाही, काजू लावू’ असा विचार सुरू होतो.

जमिनीवरचा कार्बन डोळ्यांना दिसतो. जमिनीखालचा दिसत नाही. देशाच्या वन-अहवालांनुसार भारतातील जंगलांत साठलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक वाटा मातीतील सेंद्रिय कार्बनाचा आहे. हा साठा पानांच्या थरातून, मेलेल्या बारीक मुळांतून, बुरशीतून शतकानुशतके तयार होतो. रान नुसते तोडले तर यातील बराचसा काही काळ टिकून राहतो. पण जेसीबी लावून उतार कापला, टप्पे पाडले, खुंट उपटून काढले की उघडी पडलेली तांबडी माती कोकणच्या पावसात तीन हजार मिलिमीटरचा मारा खाते आणि वरचा काळपट थर एक-दोन पावसाळ्यांत पऱ्याला लागतो. काजूची कलमे तेथे जगतात, फळही देतात, उपग्रहाला हिरवे दिसते. मातीतील कार्बन मात्र परत आलेला नसतो. माझ्या मते कोकणातील रानांवर गेल्या काही दशकांत जे काही आले त्यात जेसीबीएवढे घातक काहीच नाही. कुऱ्हाडीने आणि कटरने रान हलके केले, जेसीबीने ते पुन्हा उगवण्याची शक्यताच काढून घेतली.

पाण्याबद्दल बोलताना काळजी घ्यावी लागते, कारण या विषयात चुकीच्या समजुती दोन्ही बाजूंनी आहेत. ‘झाडे पाऊस आणतात’ हे विधान कोकणाबाबत ढोबळमानाने खरे नाही. कोकणचा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांमुळे आणि त्यांच्या वाटेत उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या उंचीमुळे पडतो, आणि डोंगर बोडका झाला तरी ती उंची तशीच राहणार आहे. झाडांचे बाष्प कामी येते ते पुढे, घाटाच्या पलीकडे. पश्चिम घाटाच्या जंगलांतून बाष्पोत्सर्जनाने, म्हणजे पानांतून वाफ होऊन, हवेत जाणारे पाणी वाऱ्याबरोबर पूर्वेकडे जाते, आणि तमिळनाडूत नैर्ऋत्य मोसमी हंगामात पडणाऱ्या पावसात या बाष्पाचा वाटा सुमारे 25 ते 40 टक्के असावा, असा निष्कर्ष आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडला. कमी पावसाच्या वर्षांत हा वाटा वाढतो. शिवाय उष्ण कटिबंधातील दाट जंगल ऊन शोषून त्यातील बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च करते, म्हणून त्याचा परिसर थंड राहतो. एप्रिलमध्ये जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, देवराईत शिरताना जो फरक जाणवतो तो केवळ सावलीचा नसतो. अतिउत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात गणित थोडे वेगळे आहे, तेथे गडद जंगल बर्फापेक्षा अधिक ऊन शोषते; म्हणून ‘कुठेही झाडे लावा, पृथ्वी थंड होईल’ असा सरसकट नियम करता येत नाही. आपल्या अक्षांशांत मात्र जंगलाचे दोन्ही परिणाम, कार्बन साठवण्याचा आणि थंडावा देण्याचा, एकाच दिशेने काम करतात.

कोकणाच्या दृष्टीने पाण्याचा खरा प्रश्न पाऊस मुरण्याचा आहे. चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात वाडीवर टँकर, ही स्थिती बाहेरच्यांना अजब वाटते. पानांच्या थराखालची भुसभुशीत, मुळांनी आणि किड्यांनी पोखरलेली माती पावसाचे पाणी आत घेते; तोच उतार तुडवला, भाजला किंवा यंत्राने दाबला गेला की पाणी वरच्यावर वाहून जाते. ज्या पऱ्यांच्या डोक्यावर देवराई किंवा जुने रान शिल्लक आहे ते मार्च-एप्रिलपर्यंत वाहताना मी अनेक गावांत पाहिले आहेत, आणि शेजारचा, डोके उघडे पडलेला पऱ्या डिसेंबरात आटलेला. देवराईत पाण्याचा झरा, तळी किंवा विहीर बहुधा असतेच. गावाने ती जागा देवाच्या नावे राखली तेव्हा पाण्याचा विचार त्यात नव्हता असे मानणे मला कठीण जाते.

पुराचा आणि दरडींचा संबंध मात्र जपून जोडावा. 22 जुलै 2021 रोजी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. एवढा पाऊस एका दिवसात पडला तर जंगल असलेला तीव्र उतारही खचू शकतो, आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर आलेली दरड झाडीच्याच उतारावरून आली होती. ‘जंगलतोड झाली म्हणून दरड आली’ असे प्रत्येक वेळी म्हणणे शास्त्राला धरून नाही. जंगलाचे काम येथे वेगळे आहे: मध्यम पावसात माती धरून ठेवणे आणि नदीत जाणारा गाळ कमी करणे. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चढले तेव्हा भरती, वरून आलेले पाणी, पूररेषेतील बांधकामे अशी अनेक कारणे एकत्र आली, पण नदीचे पात्र गाळाने भरलेले होते हे कोणी नाकारले नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात शहरातील लोकांनी आंदोलन केले ते गाळ काढावा म्हणून. तो गाळ म्हणजे वरच्या खोऱ्यातील उघड्या उतारांची माती. नदीतून तो काढण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. डोंगर तोडीला देताना तो कोणाच्याच हिशेबात नसतो.

आता धोके. मालकी रानाची तोड हा सर्वांत व्यापक धोका आहे आणि त्याचे मूळ गरजेत आहे. मुंबईतील घराचे हप्ते, मुलीचे लग्न, गावातील घराचे कौल बदलणे, यासाठी रान विकले जाते. ठेकेदार दिवाळीनंतर येतो, डोंगर नजरेने जोखतो आणि उक्ता भाव ठरवतो. झाडे मोजली जात नाहीत, घेर घेतला जात नाही. मालकाला जी रक्कम मिळते ती लाकडाच्या बाजारभावाच्या मानाने बहुधा फार थोडी असते. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आंबा, फणस, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशा अनुसूचीतील झाडांसाठी परवानगी लागते आणि वाहतुकीसाठी पास लागतो. परवानगीचा कागद थोड्या झाडांचा आणि प्रत्यक्ष तोड सगळ्या डोंगराची, हे दृश्य कोकणात कोणालाही नवे नाही.

दुसरा धोका बागायतीचा, आणि येथे सरकारी धोरणाचा वाटा मोठा आहे. 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग अनुदानामुळे कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. या योजनेने हजारो कुटुंबांना उत्पन्न दिले हे मान्य करायलाच हवे. पडीक वरकस जमिनीवर लावलेल्या काजूबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती उभे रान साफ करून लावलेल्या काजूबद्दल, कारण अनुदान देताना या दोन्हींमध्ये भेद केला गेला नाही. दक्षिणेकडे, दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत, हीच गोष्ट रबर आणि अननसाच्या लागवडीने केली. त्याच दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या जातीच्या झाडांची एक दुर्मीळ दलदल आहे, अवघ्या 2.59 हेक्टरांची ही जागा 2021 मध्ये जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. एवढीशी जागा वाचते तेव्हा आनंद होतो, पण तिच्या वरच्या अंगाचा ओढा आणि रान राहिले तरच तिच्यात पाणी राहणार आहे.

वणवा हा तिसरा धोका. चांगले गवत यावे म्हणून, बागेतील पालापाचोळा जाळताना, भातरोपांसाठी राब भाजताना आणि कित्येकदा नुसत्या विडीने, फेब्रुवारीपासून डोंगर पेटतात. मोठे झाड वणव्यात सहसा मरत नाही. मरतात ती रोपे, म्हणजे पुढचे जंगल. तोडलेले रान उघडे व कोरडे असल्याने अधिक पेटते, पेटलेल्या रानात रानमोडी आणि गवत माजते, आणि ते वाळले की पुढच्या वर्षी आणखी पेटते. उन्हाळे जसे कडक होत आहेत तसे हे चक्र घट्ट होत जाणार. दरवर्षी याच वणव्यांत लागत्या काजूबागाही जळतात, त्यामुळे निदान या एका बाबतीत बागायतदार आणि आम्ही एकाच बाजूला असतो.

महामार्गाचे रुंदीकरण, खाणी, फार्महाऊसचे प्लॉट, घाटमाथ्यावरील ऊर्जाप्रकल्प यांची चर्चा वर्तमानपत्रांतून होत असते, म्हणून येथे लांबवत नाही. क्षेत्राने ते मालकी तोडीपेक्षा लहान असले तरी रानाचे तुकडे पाडतात, आणि जेथे जातात तेथील रान कायमचे जाते.

कायदे नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाने, मालकी न पाहता घ्यावा असे सांगितले होते. 2023 च्या दुरुस्तीने वनसंवर्धन कायद्याची व्याप्ती आकसली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने तूर्त जुनाच अर्थ पाळण्यास सांगितले. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे 2014 पासून एकामागून एक निघत आहेत. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, म्हणजे केरळमधील वायनाडच्या दरड-दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. त्यात एकूण 56,825.7 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचे 17,340 आणि गोव्याचे 1,461. यादीत नाव आलेल्या गावांना घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, अशी भीती घातली गेली आणि विरोध झाला. मसुद्यातील प्रमुख बंधने खाणी, दगडखाणी, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर आहेत, हे गावात बसून समजावून सांगायला कोणी गेले नाही, हा मला तज्ज्ञ आणि शासन या दोघांचाही दोष वाटतो.

तोडीची भरपाई लागवडीने होईल का, हाही प्रश्न उरतो. भरपाईची लागवड बहुधा भलतीकडे होते. ग्रेट निकोबारमधील सुमारे 130 चौरस किलोमीटर सदाहरित जंगलाच्या बदल्यात हरियाणात झाडे लावण्याचा प्रस्ताव हे त्याचे टोकाचे उदाहरण. महाराष्ट्रात 2019 च्या एका पावसाळ्यासाठी 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट होते; पण उद्दिष्ट रोपांचे असले की खड्डे मोजले जातात, झाडे नाहीत. कोकणात तर लागवडीसाठी मोकळी जागा म्हणून कातळसडे निवडले गेले आणि त्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ व गिरिपुष्प लावले गेले. सडे हे मोडलेले जंगल नाही. पावसाळ्यात चार बोटे मातीत फुलणाऱ्या वनस्पतींचा तो स्वतंत्र अधिवास आहे, आणि तेथे झाड लावणे म्हणजे एक नैसर्गिक परिसंस्था मोडून दुसरी कृत्रिम उभी करणे. ज्या उतारावर जिवंत खुंट आहेत तेथे एकही रोप लावावे लागत नाही. वणवा आणि तोड वीस-पंचवीस वर्षे दूर ठेवली की रान स्वतः उभे राहते आणि कोणत्याही रोपवाटिकेपेक्षा स्वस्तात कार्बन साठवते. अडचण एवढीच की त्या पंचवीस वर्षांत मालकाच्या हातात काय पडणार?

या प्रश्नाची काही उत्तरे आकार घेत आहेत. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात मालकांशी रान न तोडण्याचे करार केले आहेत, आणि बेहडा व हिरडा यांच्या फळांना शाश्वत संकलनाचे प्रमाणपत्र मिळवून औषधी बाजारात चांगला भाव मिळवून दिला आहे. धनेशाच्या ढोलीचे झाडच दरवर्षी फळांचे पैसे देऊ लागले तर ते तोडण्याची घाई कमी होते. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याच्या, नावाने सध्या बरेच लोक गावोगाव कागद घेऊन फिरत आहेत. त्यातील अटी, मुदत आणि जमिनीवर येणारा बोजा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, एवढेच सांगतो.

आणि आपल्या रानापुरते. तोड पूर्ण थांबवणे आपल्याला परवडत नसेल तर निदान काही गोष्टी ठेकेदाराशी लेखी कराराने ठरवून घ्या. पऱ्याच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस मीटरचा पट्टा आणि डोंगराचा सर्वांत उभा भाग तोडीतून वगळा. मीटरभराहून जास्त घेराची झाडे, तसेच बेहडा, सातवीण, धूप, रानआंबा अशी फुटवा न धरणारी किंवा बियांसाठी लागणारी झाडे रंगाचा पट्टा मारून राखा, आणि हा पट्टा ठेकेदाराची माणसे येण्याआधी स्वतः उभे राहून मारा. तोडीची पाळी बारा वर्षांवरून किमान वीस-पंचवीसवर न्या. त्या मुदतीत लाकूड जाड होते आणि भावही बरा मिळतो. संपूर्ण डोंगर एकदम न देता तीन-चार भाग करून पाळीपाळीने द्या. काप जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिरका आणि साल न सोलता घ्यायला लावा. तोडीनंतरचा पाला-फांद्या पेटवू देऊ नका. त्या उताराला आडव्या रचल्या की पहिल्या पावसाची माती तेथेच अडते. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, जानेवारी संपण्यापूर्वी, शेजारच्या मालकाला बरोबर घेऊन काढा, कारण आपल्या बांधापाशी थांबणारा वणवा मी अजून पाहिलेला नाही.